भुई चोपणाऱ्या पायांच्या गावी

शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘मावळी जोडनाच’ पाहिला नाही असा पालक आपल्याकडे विरळाच. फेटे बांधलेली मुलं दोन-दोन करून समोरासमोर उभी राहतात, एकमेकांचे हात धरतात आणि हलगीच्या ठेक्यावर पावलं टाकत रंगमंचभर सरकत जातात. त्याआधी कुणीतरी शिक्षक माइकवर सांगतात, की गड सर झाल्यावर मावळ्यांनी जोडीजोडीनं हात धरून गडावरची माती तुडवली, तोच हा नाच. मुलींना या नाचात घेत नाहीत. लढवय्यांचा नाच ना!

ती गडाची गोष्ट मी रचलेली आहे. तरुणपणी मी मुळशी तालुक्यातल्या माणच्या शाळेत मास्तर होतो. हा नाच तिथं पाहिला, मुलांवर बसवला, स्पर्धेत तो पहिला आला आणि परीक्षकांनी उगम विचारला तेव्हा मी मावळ्यांचं नाव घेतलं. पुढे शिक्षकांसाठी एक लहानसं पुस्तक केलं, त्यात तीच गोष्ट छापली. २००५च्या हिवाळ्यात प्रकाशकांचा फोन आला, नवी आवृत्ती काढतोय, काही बदल आहेत का? पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला असा प्रश्न पुन्हा कुणी विचारेलच असं नाही. बदल आहेत, म्हटलं, पण आधी मला चार दिवस तिकडे जाऊन यावं लागेल.

सूस

कोथरूडहून माणला जायला आता सरळ मोठा रस्ता आहे. तो सोडून मी सूसला उतरलो. आमच्या वेळी सूसची टेकडी चढून पलीकडे उतरलं की पुढची वाट सोपी होती. ती पाऊलवाट पायानं एकदा शोधावी, असं मनात होतं. पायाला वाट सापडली नाही, फाटक सापडलं. फाटकावर गणवेशातला पहारेकरी होता.

“कौन से फ्लॅट में जाना है, बाबा?”

“फ्लॅटमध्ये नाही. टेकडीवर जायचंय.”

“टेकडी?” त्यानं मागे वळून पाहिलं. मागे पाच-सहा इमारती आणि एक निळा तरणतलाव होता. “यहाँ टेकडी नहीं है. फेज टू है.”

परत फिरताना चपलेचा अंगठा तुटला. एक पाय ओढत मी उतारानं चाललो होतो, तेव्हा मोटारसायकलवरचा एक तरुण थांबला. “काका, बसा मागं. कुठं सोडू?” मूळचा लातूरकडचा, हिंजवडीला कंपनीत कामाला, माणमध्ये खोली घेऊन राहणारा. कशासाठी चाललोय ते मी थोडक्यात सांगितलं. नाचाचं नाव ऐकून त्यानं गाडीच हळू केली.

“आमच्या शाळेत होता की! मी डावीकडून दुसऱ्या जोडीत. आमचे सर गोष्ट काय सांगायचे, काका, अंगावर काटा यायचा.” आणि गाडी चालवता चालवता त्यानं ती मला सांगितली. मी गड कुठला ते कधी सांगितलं नव्हतं. लातूरला पोचेपर्यंत गडाला नाव मिळालं होतं, दोन मावळ्यांना नावं मिळाली होती आणि त्यातला एक नाचता नाचता जखमांनी कोसळत होता. उतरल्यावर त्यानं डिकीतून सुतळी काढून माझी चप्पल बांधून दिली. त्याला खरं काय ते सांगायला हवं होतं. ते धैर्य त्या दिवशी झालं नाही.

माण

माणमध्ये माझा मुक्काम दत्तोबाकडे. तो माझा विद्यार्थी, पहिल्या संघातला पहिल्या जोडीतला. आता साठीकडे झुकला आहे. जमीन बरीचशी आयटी पार्कात गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यानं खोल्या बांधल्या आहेत. दारात बाहेरगावच्या मुलांच्या मोटारसायकली लागलेल्या असतात. घरामागे अजून भाताचं एक खाचर आहे. कापणी होऊन गेलेली, नुसते बुडखे उभे आणि त्यापलीकडे लगेच काचेच्या इमारती. सकाळी ऊन आधी काचांवर पडतं आणि तिथून खाचरात येतं. असा उलट्या दिशेनं आलेला सूर्य मी पहिल्यांदाच पाहिला.

पुण्यात आम्ही कुणाकडे जाण्याआधी फोन करतो, नाही केला तर लोक दुखावतात. इथं मी फोन केला म्हणून दत्तोबा दुखावला. “फोन कशाला केलासा, गुर्जी? आमी काय परकं हाय व्हय?” त्याची बायको हिराबाई हिनं तांदळाच्या भाकरी आणि पावट्याची आमटी केली होती. मी दोन भाकरींवर थांबलो तर म्हणाली, “गुर्जी, पुन्यात काय मोजून खात्यात का?” आणि तिसरी वाढली.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. बाहेरच्या खोलीत भिंतीवर त्या पहिल्या संघाचा फोटो आहे. फेटा बांधलेला बारा वर्षांचा दत्तोबा छाती काढून उभा आहे. त्या फोटोखाली बसून सांगणं जड गेलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, मी तेव्हा खरोखर काय पाहिलं होतं ते सांगतो. त्या काळी इकडं घरं मातीची. घर उभं राहिलं की आत माती-मुरूम पसरून, पाणी शिंपडून भुई चोपायची. कडेकोपरे लाकडी चोपण्यानं ठोकत. मधली सगळी जागा मात्र बायका पायांनी दाबत, आणि त्या बायका आजच्या बौद्धवस्तीतल्या. गावात कुणाचंही घर होवो, भुईसाठी बोलावणं त्यांनाच. दोघीदोघी समोरासमोर हात धरून, गाणं म्हणत, पाऊल पाऊल सरकत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात. या कामाला त्या पायचोपणी म्हणत. मी ते एका घरी पाहिलं आणि चंद्राबाई नावाच्या बाईंच्या अंगणात जाऊन कित्येक संध्याकाळी ते पाऊल शिकलो.

“म्हंजी मावळ्यांचं खोटं?” दत्तोबानं विचारलं.

“खोटं.”

“आन आमी फेटं बांधून नाचलो, त्यो बायकांचा नाच?”

हिराबाई भांडी उचलता उचलता थांबली. “तरीच! म्या म्हंते, फोटूत कंबर अशी का वाकडी.”

“गप गं तू.” पण तोही हसला. मग बराच वेळ त्यानं अडकित्ता नुसता हातात धरला. “मग तवाच का न्हाई सांगितलंत?”

ते सांगितलं. बौद्धवस्तीतल्या बायकांचा नाच म्हटलं असतं तर निम्म्या आईबापांनी मुलांना तालमीला पाठवलं नसतं, आणि परीक्षकांनी काय केलं असतं देव जाणे. मला बक्षीस हवं होतं. मावळे म्हटल्यावर सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले.

दत्तोबानं मान हलवली. “लिवा. खरं त्ये लिवा. माजा फोटू काय मी काढनार न्हाई भितीवरनं, पन लिवा.” थोडं थांबून आवाज उतरवून म्हणाला, “येक करा गुर्जी. नाचाचं लिवा, पन घरात कोन येत हुतं आन कोन न्हाई, त्ये नगा उकरू. आता कुनी तसलं पाळत न्हाई. आई जाऊन किती वर्सं झाली. तिचं नाव कशाला निघायचं?”

तो कशाबद्दल बोलत होता ते असं: भुई पक्की झाली, सारवली, वास्तुशांत झाली, की ती भुई करणाऱ्या बायकांना त्या घराचा उंबरा बंद. धान्य मागच्या दारी मिळायचं. दत्तोबाच्या जुन्या घरातही तसंच होतं. त्याच घरात मी भाडेकरू म्हणून राहत होतो.

मी लगेच होकार दिला. दत्तोबाला वाटलं मी त्याच्यासाठी कबूल झालो. मलाही ते सोयीचं होतं.

कासारसाई

चंद्राबाई आता लेकीकडे कासारसाईला असतात, असं वस्तीत कळलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दत्तोबाच्या खोल्यांतला एक मुलगा तिकडे निघाला होता, त्यानं सोडलं. कासारसाईचं धरण लहान आहे, पण त्या सपाट उन्हात पाणी एकदम समोर आलं की माणूस थांबतो. भिंतीवरून वारा असा येतो की टोपी हातात धरावी लागते. पाण्याच्या कडेला बगळे उभे होते. पुण्यापासून इतक्या जवळ इतकी शांतता असेल, असं मला वाटलं नव्हतं. मी जरा रेंगाळलो. खरं सांगायचं तर पुढं जायची भीती वाटत होती.

घर पक्कं, फरशीचं. अंगणात उन्हाला बसून एक म्हातारी पावट्याच्या शेंगा सोलत होती. मी नमस्कार केला. “मी माणच्या शाळेतला मास्तर. पायचोपणी शिकायला यायचो तुमच्याकडे.”

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. पायांकडे पाहिलं. सुतळीनं बांधलेली चप्पल पाहून म्हणाली, “टाच टेकती का आता?”

मला हसू आलं. तेव्हा मला ते पाऊल जमत नव्हतं ते टाचेमुळेच. मी चवडे आपटायचो. चंद्राबाई ओरडायच्या, “चवड्यानं भुईला खड्डं पडत्यात, मास्तर. आधी टाच!” पुढं स्पर्धेत लाकडी रंगमंचावर टाचांचा धाडधाड आवाज होऊ लागला, तेव्हा मी मुलांना टाचा उचलायला लावल्या. आज सगळीकडं हा नाच चवड्यांवर नाचतात.

“म्या बघितला की त्यो,” त्या म्हणाल्या. “हिच्या शाळंत. पोरं ग्वाड दिसत हुती. पन असं नाचून कवा भुई पक्की व्हायची?”

‘ही’ म्हणजे त्यांची नात, प्रज्ञा. हिंजवडीला कंपनीत काम करते, सुट्टी म्हणून घरी होती. ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली, तेवढ्यात मी माझं नाव सांगितलं.

“म्हणजे त्या पुस्तकावर नाव आहे ते तुम्हीच का, सर?”

“हो.”

खुर्ची तिनं लगेच खाली ठेवली नाही. नंतर ठेवली आणि स्वतः दाराला टेकून उभी राहिली. “मी चौथीत असताना नाचात नाव दिलं होतं. बाई म्हणाल्या, हा मुलांचा नाच आहे. मी म्हटलं, नाही, आजी सांगते हा बायकांचा आहे, आमच्या आजीचा. बाईंनी तुमचं पुस्तक उघडून अख्ख्या वर्गाला वाचून दाखवलं. म्हणाल्या, तुझी आजी जास्त शहाणी की पुस्तक? सगळी पोरं हसली. घरी येऊन मी आजीला खोटारडी म्हणाले. तेव्हापासून आजी त्यावर एक शब्द बोलली नाही.”

चंद्राबाई शेंगा सोलत होत्या.

मी इतकी वर्षं समजत होतो, की माझ्या गोष्टीनं कुणाचं काही बिघडलं नाही. फार तर एक नाच खोट्या नावानं नाचला गेला. त्या गोष्टीची एका घरात एका आजीला किंमत मोजावी लागली, हे मला तिथं कळलं. मी म्हणालो, “आजी खरं बोलत होत्या. खोटं पुस्तकात होतं. ते मी लिहिलं.”

“हे मला काय सांगताय, सर? तिला सांगा.”

मी चंद्राबाईंकडे वळलो, तर त्यांनीच हात वर केला. “मला काय सांगतासा? मला ठावं हाय की. जिला ठावं न्हवतं तिला सांगितलंसा, झालं.”

प्रज्ञा आजीशेजारी जमिनीवर बसली आणि शेंगांच्या ढिगात हात घातला. थोड्या वेळानं चंद्राबाईच म्हणाल्या, “अगं, किडक्या बाजूला टाक. समद्या येकात करतीया.”

चहा झाला. मी विचारलं, “हा नाच पहिल्यांदा कुणी काढला, काही सांगत का जुन्या बायका?”

“काडतंय कोन, मास्तर? वली माती. येकटीनं तुडवाय गेलं का पाय सटाकतो. म्हनून दुसरीला धरायचं. आन तोंडाम्होरं तोंड आलं, का गप किती येळ बसावं मानसानं? मग गानं येतंय. माजी जाऊ शेवंता, तिच्यासंगं माजं बोलनं बंद असायचं सा-सा म्हैनं. पन भुईला गेलो का हात धरावाच लागायचा. भांडान तितंच मिटायचं.” त्या खुदकन हसल्या. “शेवंता गेली. आता भांडाय बी कुनी न्हाई.”

उगमाविषयी माझ्याजवळ आहे ते एवढंच. यात गड नाही, विजय नाही. ओल्या मातीत पाय घसरू नये म्हणून दोन बायकांनी एकमेकींना धरलं, एवढंच आहे.

मग मी नव्या आवृत्तीसाठी लिहिलेला मजकूर वाचून दाखवला. नाच कुणाचा, कुठला, कशासाठी, सगळं त्यात होतं. चंद्राबाईंचं आणि शेवंताबाईंचं नाव होतं. वाचून झाल्यावर मी चष्मा काढला. शाबासकीची अपेक्षा होती, हे लपवत नाही.

“आन भुई झाल्यावर?” चंद्राबाईंनी विचारलं.

मी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“भुई झाल्यावर काय, त्ये न्हाई लिवलं?”

“दत्तोबा नको म्हणाला. त्याच्या आईचं नाव निघेल म्हणून.”

“त्यो न्हाई म्हनला. आन तुमी?”

“मलाही बरं वाटलं तो नको म्हणाला ते,” मी म्हणालो. “मी त्याच घरात राहत होतो. तुमच्या अंगणात शिकायला यायचो, पण तुम्हाला कधी माझ्या खोलीत या म्हटलं नाही.”

“म्हणजे सर, परत तेच,” प्रज्ञा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “एकदा आमचं नाव गाळलंत. आता नाव घालताय आणि बाकीचं गाळताय.”

“थांब गं.” चंद्राबाईंनी पदराला हात पुसले. “मास्तर, लिवा. भुई आमी केली. वास्तुशांत झाली का आमाला उंबरा बंद. येवडंच लिवा. दत्तूच्या आयचं नाव नगं.”

“का?”

“येकीचं नाव लिवलं का बाकीच्या सुटत्यात.”

मी खिशातलं पेन काढलं आणि तिथंच, त्यांच्या शब्दांत ते लिहिलं. खाली माझ्या खोलीचं मी माझ्या नावानं लिहिलं. ते कुणाला सांगावं लागलं नाही.

पुन्हा माण

संध्याकाळी दत्तोबाला सगळा मजकूर वाचून दाखवला. मी ठरवून आलो होतो, की तो रागावला तर पिशवी उचलायची आणि निघायचं. त्याचं मीठ खाऊन त्याचाच शब्द मोडला होता.

तो रागावला नाही. पायऱ्यांवर जाऊन बसला. खोल्यांतली मुलं सुट्टीचं फिरून मोटारसायकलींवरून परतत होती. कुणी “काय म्हणता, मामा” म्हणत होतं, तो नुसता हात वर करत होता. हिराबाईनं मला डोळ्यांनी खुणावलं, बोलू नका.

“गुर्जी,” तो शेवटी म्हणाला, “आमच्या घरची भुई झाली तवा तुमी आलाच न्हवता अजून. मी चारेक वर्साचा आसन. वजन पायजे म्हनून पोरं बसवायच्या त्या हातावर. दोघींच्या हाताची अशी बैठक व्हायची.” त्यानं स्वतःची मनगटं धरून दाखवली. “मला बसवलं हुतं चंद्रीनं आन तिच्या जावंनं. समद्या घरभर हिंडवलं. मी हासत हुतो, त्यास्नी सोडंना. आन काम झालं, तशी आयनं मला हिरीवर न्हेलं. थंडीचं दिस. डोक्यावरनं पानी घातलं. मी रडतुया आन म्हंतुया, मला त्यांच्याकडं जायाचंय.”

हिराबाई दारात उभी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनंही हे ऐकलं नव्हतं.

“त्ये बी लिवा,” दत्तोबा म्हणाला. “माजं नाव घालून लिवा. आयचं नगं. माजं.”

पुन्हा कासारसाई

दुसऱ्या दिवशी मला पुण्याला सोडायला दत्तोबा स्वतः निघाला, पण गाडी त्यानं कासारसाईकडे वळवली. हिराबाईनं निघताना नव्या तांदळाची पिशवी आणून ठेवली होती. ती त्यानं परत आत ठेवायला लावली. “तांदूळ न्हेला का पुन्हा त्येच झालं. द्यायला आलोय असं व्हतंय.” “मग रिकाम्या हातानं जानार?” “व्हय. रिकाम्या.”

चंद्राबाईंच्या दारात मी चपला काढून आत गेलो. दत्तोबा अंगणातच राहिला. एवढा खोल्यांचा मालक, पण हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. मी प्रज्ञाला नवा मजकूर दिला आणि तिनं मोठ्यानं, सावकाश, आजीला ऐकू जाईल असा वाचला. हातांच्या बैठकीचा भाग आला, विहिरीचा भाग आला. चंद्राबाईंची मान खाली होती.

मग त्या म्हणाल्या, “म्हंजी न्हाऊ घातलं व्हय तुला? आमाला वाटलं, पोरगं कशापायी रडतंय.” आणि बाहेर पाहून, “भाईर का हुबा ऱ्हायलास, दत्तू? ये की आत.”

तो आला. फरशीवर मांडी घालून बसला. चंद्राबाईंच्या लेकीनं ताटं केली, भाकरी वाढली, वर सुकटीची चटणी. चंद्राबाई त्याच्या समोरच सरकून बसल्या आणि त्यानं पहिला घास हातात घेतला तशी म्हणाल्या, “खा निवांत. पन घरी जाऊन आंगूळ करू नगंस म्हंजी झालं.”

प्रज्ञाला आधी हसू फुटलं. दत्तोबाचा हात ताटातच थांबला. कान लाल झाले. मला वाटलं, आता हा उठतो. तो उठला नाही. खाली मान घालून त्यानं भाकरी संपवली, चटणी बोटानं पुसून घेतली, आणि ताट थोडं पुढं सरकवलं.

“आजून येक वाढ, मावशे,” तो म्हणाला.